घडीचा चाकू घेताना पोलादाच्या नावाआधी काय पाहावे?

तुमचा प्रश्न असा आहे: गुहागरजवळच्या आंब्याच्या बागेत रोजच्या कामाला आणि हिवाळ्यात सह्याद्रीतल्या गडांवर जाताना सोबत ठेवायला एक घडीचा चाकू घ्यायचा आहे, तो हातात आल्यावर काय तपासावे, कोणते पोलाद सर्वांत चांगले, आणि उघडलेले पाते जागी धरून ठेवणारे लॉक असलेच पाहिजे का. प्रश्नाचा सर्वाधिक भाग तुम्ही पोलादावर खर्च केला आहे. मी उत्तरात पोलाद शेवटाकडे घेणार आहे, आणि त्यामागे कारण आहे. गेली 26 वर्षे मी चाकू-सुऱ्यांना धार लावण्याचे आणि त्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या घडीच्या चाकूंपैकी फार थोड्यांचा दोष पोलादाचा असतो. बहुतेकांचे पाते गरजेपेक्षा जाड असते, लॉक अपुरे बसलेले असते किंवा बिजागरीचा खिळा ढिला झालेला असतो. हे तिन्ही दोष विकत घेण्याआधी पाच-दहा मिनिटांत ओळखता येतात.

सर्वप्रथम पात्याची जाडी पाहावी. चाकू कापतो तो केवळ धारेमुळे, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात धार फक्त वाट उघडते आणि त्या वाटेने संपूर्ण पात्याला आत जावे लागते. पाते वीस मिलिमीटर रुंद आणि पाठीकडे दोन मिलिमीटर जाड असेल व पाठीपासून धारेपर्यंत एकसारखे उतरत आले असेल, तर त्याच्या पाचरीचा कोन साधारण सहा अंशांचा होतो. उलट, पाठ चार मिलिमीटर जाड ठेवून उतार फक्त खालच्या दहा मिलिमीटरमध्ये दिला असेल, तर तोच कोन बावीस अंशांच्या पुढे जातो. असे पाते पदार्थ कापत नाही, फाडते. आजकाल ‘सैनिकी’ किंवा ‘जंगलात टिकणारा’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे चाकू या दुसऱ्या प्रकारचे असतात. दिसायला ते दणकट वाटतात, पण त्यांनी कैरीच्या फोडी करायला घेतल्या की फोड सरळ निघत नाही आणि मनगट मात्र दुखू लागते.

विक्रेता बहुधा कागद कापून दाखवतो. त्या चाचणीवर विसंबू नये, कारण कागद पातळ असल्याने त्यात फक्त धारेचा शेवटचा केसभर भाग तपासला जातो आणि जाड पातेही नव्या धारेवर कागद सहज कापते. त्याऐवजी एक जाडसर गाजर सोबत न्यावे आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन त्याचा आडवा काप घ्यावा. पाते पातळ असेल तर ते शेवटपर्यंत शांतपणे उतरते. जाड असेल तर अर्ध्यावर गेल्यावर गाजर ‘कट्’ असा आवाज करून स्वतःच तडकते, आणि कापाचा खालचा अर्धा भाग गुळगुळीत न राहता खडबडीत दिसतो. हंगामात हीच परीक्षा कैरीवर घेता येते. माझ्या मते चाकू निवडण्याची याहून चांगली आणि स्वस्त परीक्षा नाही.

व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक जाडी मोजण्याचे साधन, असेल तर आणखी नेमकेपणाने पाहता येते. धारेचा चकचकीत उतार जिथे सुरू होतो, त्याच्या लगेच वर पात्याची जाडी मोजावी. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर फळे, दोरी, पुठ्ठा, कोवळ्या फांद्या या सगळ्या कामांना तो चाकू उत्तम चालेल. पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेली की तो कापण्यासाठी बनवलेला नाही असे मी समजतो. पाठीची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर पुरेशी असते. गडावर डबा उघडण्यासाठी किंवा दगड उचकटण्यासाठी जाड पाते हवे, असे काही जण सांगतात. परंतु घडीच्या चाकूचा सगळा भार एका खिळ्यावर असतो, त्यामुळे उचकटण्याचे काम त्याला देऊच नये, मग पाते कितीही जाड असो.

पाते पाहतानाच आणखी दोन गोष्टी नजरेखालून घालाव्यात. चाकू टोकाकडून डोळ्यासमोर धरला असता दोन्ही बाजूंचे उतार सारखे दिसले पाहिजेत आणि टोक मधोमध आले पाहिजे. एक बाजू उंच व दुसरी बुटकी असेल तर प्रत्येक वेळी धार लावताना तो फरक वाढत जातो. दुसरी गोष्ट धारेच्या बुंध्याशी असते. धार मुठीजवळ जिथे संपते तिथे एक छोटी खाच असावी, म्हणजे निसण्यावर पाते शेवटपर्यंत ओढता येते. ती नसेल तर बुंध्याजवळचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कधीच घासला जात नाही, काही वर्षांनी तिथे पात्याला दाढीसारखा उंचवटा राहतो आणि फळीवर कापताना तोच आधी टेकतो. हा दोष नव्या चाकूत कोणाच्या लक्षात येत नाही आणि जुन्या चाकूत दुरुस्त करायला मला निम्मे पाते घासावे लागते, म्हणून मी त्याविषयी आवर्जून सांगतो. करवती दाते असलेले पातेही मी तुम्हाला सुचवणार नाही. नायलॉनच्या किंवा काथ्याच्या दोरीवर ते झपाट्याने चालते हे खरे, परंतु घरच्या सपाट दगडावर त्याला धार लावता येत नाही.

आता लॉकविषयी. घडीच्या चाकूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात लॉक नसते. मुठीच्या पाठीतली पट्टीची स्प्रिंग पात्याच्या बुंध्यावर दाबून त्याला उघडे किंवा मिटलेले ठेवते. स्विस सैनिकांचा लाल चाकू म्हणून ओळखले जाणारे व्हिक्टोरिनॉक्सचे 91 मिलिमीटरचे नमुने याच जातीचे आहेत. दुसऱ्या वर्गात पाते उघडल्यावर एखादा अडसर त्याच्या मागे येऊन बसतो आणि तो बोटाने सरकवल्याशिवाय पाते मिटत नाही. मुठीच्या पाठीवर दाबण्याची पट्टी असलेला बॅक लॉक 1964 मध्ये आलेल्या बक 110 या अमेरिकी चाकूने लोकप्रिय केला. मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूने सरकून पात्यामागे बसते तो लायनर लॉक. मुठीची एक भिंतच ते काम करते तो फ्रेम लॉक. आणि फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातल्या ओपिनेल चाकूवर मुठीच्या तोंडाशी फिरवायचे पोलादी कडे असते. हा चाकू 1890 मध्ये जन्मला, कडे मात्र 1955 मध्ये आले.

लॉक हवेच का, याचे उत्तर तुम्ही चाकूला कोणत्या दिशेने जोर लावणार यावर अवलंबून आहे. धारेच्या दिशेने दाबून किंवा ओढून कापताना पाते उघडण्याच्या बाजूलाच ढकलले जाते, त्यामुळे लॉक नसलेला चाकूही सुरक्षित राहतो. धोका टोक खुपसताना किंवा अडकलेले पाते मागे ओढून काढताना असतो, कारण तेव्हा जोर पाठीच्या बाजूने येतो. 2009 च्या पावसाळ्यात मी लॉक नसलेल्या चाकूचे टोक सुक्या फणसाच्या लाकडात खुपसून ते बाहेर काढण्यासाठी हलवले. पाते मिटले आणि तर्जनीवर चार टाके पडले. चाकूत काही दोष नव्हता. त्या कामाला तो चाकू चुकीचा होता. बागेत आपण बोलता बोलता टोकाने गाठ सोडवतो, गोणीला भोक पाडतो, सालीखालची अळी उकरतो, आणि ही सगळी टोकाचीच कामे आहेत. म्हणून तुमच्यासाठी लॉक असलेला चाकू योग्य ठरेल. फक्त घरात फळे कापायची असती तर मी हा आग्रह धरला नसता.

लॉक तपासताना घाई करू नये. पाते पूर्ण उघडावे, मूठ एका हातात घट्ट धरावी, बोटे पात्याच्या मिटण्याच्या वाटेबाहेर ठेवावीत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पाठीवर हळूहळू वाढता दाब द्यावा. लॉक सरकताना जाणवले किंवा हलकासा टकटक आवाज आला, तर तो चाकू तिथेच परत द्यावा. यानंतर चार पदरी घडी केलेल्या रुमालावर पाठ दोन-तीन वेळा हलकेच आपटून पाहावी. टेबलाच्या कडेवर जोरात आपटण्याची पद्धत काही उत्साही लोक वापरतात. तिने चांगले लॉकही खराब होते, म्हणून ती टाळावी.

लायनर किंवा फ्रेम लॉक असेल तर ती पट्टी पात्याच्या बुंध्यावर कुठपर्यंत आली आहे हे आत डोकावून पाहावे. नव्या चाकूत ती बुंध्याच्या रुंदीच्या पाव ते अर्ध्या भागापर्यंत आलेली असावी. नुसती कडेला टेकली असेल तर दाबाखाली निसटू शकते. आणि नव्यानेच पलीकडच्या टोकाला पोहोचली असेल तर झिजेसाठी पुढे जागाच उरलेली नसते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत पाते वर-खाली हलू लागते. हलण्यातही फरक करावा लागतो. पाते डावी-उजवीकडे किंचित हलत असेल तर बहुधा बिजागरीचा स्क्रू थोडा आवळून ते बरे होते. ते वर-खाली, म्हणजे उघडण्या-मिटण्याच्या दिशेने हलत असेल तर दोष लॉकच्या बसण्यात असतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही.

लॉक नसलेला चाकूच घ्यायचा ठरवलात, तर पाते उघडताना आणि मिटवताना शेवटी ‘टक्’ असा ठाम आवाज यायला हवा, आणि चाकू उजेडासमोर धरला असता पाठीची स्प्रिंग व बाजूच्या पट्ट्या यांच्यामधून प्रकाशाची फट दिसता कामा नये. त्या फटीतूनच पुढे पाणी आणि माती आत शिरते.

चाकू मिटलेला असतानाची परीक्षा लोक विसरतात, आणि खिशात चाकू बहुतेक वेळ मिटलेलाच असतो. मिटलेला चाकू पाते ज्या बाजूने बाहेर येते ती बाजू जमिनीकडे करून धरावा आणि मनगटाला दोन-चार झटके द्यावेत. पाते जराही बाहेर आले तर तो खिशात ठेवण्यायोग्य नाही. झाडावर चढताना तो मांडीशी उघडू शकतो. मिटलेले पाते मुठीच्या दोन्ही भिंतींच्या मधोमध आहे का हेही पाहावे. ते थोडे एका बाजूला असेल आणि कुठेही घासत नसेल तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. धार किंवा टोक आत टेकत असेल तर मात्र प्रत्येक मिटण्यासोबत धार बोथट होत जाते.

बिजागरीत पात्याच्या दोन्ही बाजूंना काय बसवले आहे हे विक्रेत्याला जरूर विचारावे. कुठे पितळी रंगाचे कांस्याचे वॉशर असतात, कुठे टेफ्लॉनचे, तर कुठे बारीक गोळ्यांचे बेअरिंग. बेअरिंगवर पाते पाण्यासारखे सहज उघडते, म्हणून दुकानात तेच सर्वांना आवडते. परंतु कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीची पूड गोळ्यांमध्ये शिरली की आठवडाभरात ते किरकिर करू लागतात, आणि चाकू पूर्ण सोडवल्याशिवाय तो आवाज जात नाही. बागेच्या कामासाठी मी कांस्याचे साधे वॉशरच पसंत करतो. सुरुवातीला ते जड वाटतात, महिनाभराच्या वापराने नितळ होतात, आणि थोडी माती सहन करतात. खिळा रिव्हेटचा नसून स्क्रूचा असेल तर अधिक चांगले, कारण तो चाकू सोडवून धुता येतो.

मूठ हातात धरून निर्णय घेऊ नये. मूठ धरून काम करून निर्णय घ्यावा. दुकानात शक्य असेल तर लाकडाचा एखादा तुकडा दहा मिनिटे तासून पाहावा. खिशाला अडकवायची क्लिप तळहाताला कुठे रुतते आणि कोणत्या कोपऱ्याने त्वचा लाल होते हे तेवढ्या वेळात कळते, दहा सेकंदांत कळत नाही. चारही बोटे मुठीवर मावायला हवीत. यानंतर हात ओला करून तीच पकड पुन्हा घेऊन पाहावी, कारण घामाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या हातात गुळगुळीत धातूची मूठ घसरते. लाकडी मुठीविषयी कोकणासाठी वेगळी सूचना आहे: ओपिनेलची बीच लाकडाची मूठ जून-जुलैच्या दमटपणात फुगते आणि पाते नखाने उघडेनासे होते. मुठीचा मागचा भाग कठीण पृष्ठभागावर हलकेच ठोकला की पाते थोडे बाहेर येते आणि बोटांनी धरता येते. पावसाळ्यापूर्वी खाचेत जवसाचे तेल मुरवून सुकवले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. तरीही पाच महिने पावसात वापरायचा चाकू नायलॉनच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मुठीचा असणे सोयीचे.

आता पोलाद. सगळे पोलाद गंजते, काही लवकर आणि काही उशिरा. पोलादात मोकळे क्रोमिअम पुरेसे असेल तर पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर राहतो आणि गंज रोखला जातो. यात ‘मोकळे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. डी-2 या नावाजलेल्या पोलादात क्रोमिअम सुमारे 12 टक्के असते, परंतु कर्बही दीड टक्क्याच्या आसपास असल्याने पुष्कळसे क्रोमिअम कार्बाइडच्या, म्हणजे कर्बाशी जोडून बनलेल्या कठीण, कणांत अडकते. त्यामुळे धार फार काळ टिकते, पण खाऱ्या हवेत पात्यावर डाग लवकर पडतात. साधे कर्बयुक्त पोलाद निसण्यावर फार सुंदर धार घेते. मात्र आंब्याचा चीक, कोकम, लिंबू यांनी ते काळे पडते आणि कापलेल्या फळाला लोखंडी वास येतो. समुद्रापासून जवळ राहणाऱ्याला मी 14सी28एन हे स्वीडनचे स्टेनलेस पोलाद किंवा त्याच्या जवळपासचे एखादे सुचवीन: गंजाला चांगले तोंड देते, बारीक धार घेते आणि घरच्या दगडावर धार लावता येते. अधिक खर्च करण्याची तयारी असेल तर एच-1 किंवा एलसी200एन ही पोलादे पाहावीत. त्यांच्यात कर्ब कमी असतो आणि खाऱ्या पाण्यातही ती जवळजवळ गंजत नाहीत.

रॉकवेल कठीणपणाचा आकडा मोठा असेल तितका चाकू चांगला, असे समजू नये. व्हिक्टोरिनॉक्सचे मोठे पाते 56 च्या आसपास असते. ते लवकर बोथट होते, पण चार मिनिटांत पुन्हा धारदारही होते आणि त्याची धार सहसा तुकडे होऊन तुटत नाही. 60 च्या वरचे पाते आठवडे टिकते. परंतु ज्याच्याकडे चांगला दगड आणि सराव नाही, त्याच्याकडे ते बोथट झाले की वर्षभर बोथटच राहते. पात्यावर कोरलेल्या नावावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण एकच पोलाद उष्णताक्रिया, म्हणजे तापवून व थंड करून कठीण करण्याचे काम, नीट झाली नसेल तर मऊ राहते. फार स्वस्तात मिळणारे ‘डमास्कस’, म्हणजे थरांच्या पोलादाची लहरी नक्षी असलेल्या, पात्यांचे चाकू माझ्याकडे अनेकदा येतात. त्यांतल्या कित्येकांवरची नक्षी केवळ पृष्ठभागावर कोरलेली असते आणि दगडावर दोनदा घासली की पुसली जाते.

कायद्याचा विचारही खरेदीपूर्वीच करावा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात मोडतात, घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. घडीचा कामाचा चाकू या मर्यादेच्या खूप आत राहतो. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सण, निवडणुका अशा काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत चाकू बाळगण्यावरही बंदी असू शकते. अशा दिवसांत तो खिशात घालून बाजारात जाऊ नये. विमानाने जाताना तो केबिनच्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत ठेवावा लागतो. आणि बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू घेऊच नये. कामात त्याचा काही फायदा नाही आणि तपासणीत त्याचा हेतू समजावून सांगणे कठीण जाते.

एवढे पाहिल्यावर तुमच्यासाठी माझी निवड अशी राहील: आठ ते नऊ सेंटिमीटर लांब व पाठीकडे अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले पाते, गंजाला चांगले तोंड देणारे पोलाद, बॅक लॉक किंवा नीट बसलेला लायनर लॉक, कांस्याचे वॉशर आणि नायलॉनची खरखरीत मूठ. कमी खर्चात भागवायचे असेल तर ओपिनेलचा 8 क्रमांकाचा स्टेनलेस पात्याचा चाकू घ्यावा. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे आणि इतके पातळ आहे की गाजराच्या परीक्षेत त्याहून दुप्पट-तिप्पट किमतीचे चाकू मागे पडतात. मुठीच्या फुगण्याचा त्रास सोसायची तयारी तेवढी ठेवावी.

मात्र कोय कलम किंवा पाचर कलम याच चाकूने करण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूने उतार असतो, म्हणून काप सपाट येतो आणि खुंट व काडी एकमेकांना पूर्ण चिकटतात. तो उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगवेगळाही बनतो, त्यामुळे घेताना आपला हात सांगावा लागतो. त्याने फक्त कलमेच करावीत. दोरी, गोणी आणि फळे यांसाठी वर सांगितलेला चाकू वेगळा ठेवावा.

चाकू घरपोच मागवलात तर परत करण्याची मुदत संपण्याआधी, आणि धार लावण्याआधी, या क्रमाने पाहावे: मिटलेला झटकून, उघडा दाबून, टोकाकडून नजर लावून, आणि शेवटी गाजर कापून. धार लावलेला किंवा सोडवलेला चाकू विक्रेता सहसा परत घेत नाही.